जास्तीची घागर

शिशाची पेटी उघडली, तर आत काहीच नव्हतं.

अडतीस सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी देण्याचा दिवस. फौजदार वीरसिंग गिरासे भरल्या ताटावरून उठून, नंदुरबारहून रनाळ्यापर्यंत टाळू भाजत आले होते. वर समोरचा माणूस धड बोलेना.

"नळी केवढी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सुईएवढी," डॉक्टर गद्रे घाम पुसत म्हणाले. "आत रेडियम. मुंबईहून उसनी आणलीय. आज जमनाला लावायची आणि परवाच्या गाडीनं परत धाडायची."

जमना धनुबाई पाटलिणीची नात, सात वर्षांची. तिच्या मेंदूत गाठ होती.

"आज नाही लागली तर?"

"पुन्हा मिळेपर्यंत पोर राहणार नाही."

वीरसिंगांनी पेटीचं कुलूप न्याहाळलं. ओरखडासुद्धा नव्हता.

"किल्ली?"

"माझ्या जानव्याला."

"मग चोरानं फुंकर मारून उघडली?"

वीरसिंग खोली धुंडाळू लागले.

खोलीत फळीवर कवट्यांची रांग होती. माकडं, वानरं आणि शेवटी माणसाची. माकड आणि माणूस एकाच मुळातून कसे आले, हा डॉक्टरांचा ध्यास. दाढ दुखते म्हणून आलेल्यालाही ते सांगत, 'हे आपले पूर्वज!' रांगेत एका जागी धूळ नव्हती. त्या जागेभोवती काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचा उभ्या होत्या.

"इथं काय होतं?"

"वानराची कवटी. फुटली, टाकून दिली."

"आणि या काचा?"

"फोटोसाठी. कोऱ्याच आहेत."

वीरसिंगांनी त्यातली एक कंपाउंडर चुनीलालला अंधारात, फोटो धुतात तशी धुवायला लावली. कोरी असती तर स्वच्छ निघाली असती; ही काळीठिक्कर निघाली. डॉक्टरांनी नजर चुकवली.

मग चुनीलालची ट्रंक उपसली. दोन सदरे, विड्या, देवीची तसबीर.

"कोणाला विकलीस?"

"आईची आण साहेब, मी पेटीला हातही लावला नाही!"

वीरसिंगांनी त्याच्या कानाखाली एक वाजवली. हाती काही लागलं नाही, उलट स्वतःचीच लाज वाटली.

दवाखान्यात रोज येणारं आणखी एकच माणूस होतं, धनुबाई. वीरसिंग तिच्या घरी गेले. जमना खाटेवर डोकं धरून पडली होती.

"धनुमाय, नळी तू लिन्ही का?"

म्हातारीनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "इन्ही आन दादा, मी नळी देखी बी नही."

अशी शपथ कोण खोटी घेईल? वीरसिंग हात हलवत उठले. देवाजवळ आखाजीच्या घागरी भरून ठेवल्या होत्या. वाडवडिलांची एक, दरसालची. तिच्याशेजारी, घरात नव्यानं वारलेल्यासाठी ठेवतात तशी कोरी लाल घागर, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि फुलं.

"घरमा कोन्ही वारनं का?"

"नही दादा, देवनी किरपा शे." आणि तिनं तोंड फिरवलं.

वीरसिंग अर्ध्या वाटेवर थबकले. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. दुपारपासून आपण सगळ्यांना चुकीचाच प्रश्न विचारत होतो!

घटकाभरात डॉक्टर आणि चुनीलाल धनुबाईच्या अंगणात उभे होते.

"नळी चोरीला गेलीच नाही," वीरसिंग म्हणाले. "कुलूप शाबूत होतं, कारण नळी डॉक्टरांनीच पेटीतून काढली होती. रेडियमचे किरण कागदातून आरपार जाऊन काच काळी करतात. खरं ना डॉक्टर? कोऱ्या काचा काळ्या झाल्या, म्हणजे त्यांच्यामध्ये रेडियम होतं. कवटीत."

डॉक्टरांची मान खाली गेली. "लहान डोक्यात किरण किती खोल जातात, ते पाहायचं होतं. कवटीत मेण भरून नळी ठेवली. पण ती उपचारासाठीच दिलेली. मुंबईला कळलं असतं तर..."

"म्हणून मला खोटं सांगितलंत. खरं बोलला असतात, तर मी आल्याआल्याच कवटी शोधली असती. धनुमाय, खोपडी तू लिन्ही ना?"

"हो, लिन्ही!" म्हातारी उसळली. "माले कोन्ही खोपडीनं इचारंच नही. हाऊ डाक्टरच सांगे ना, माकड आपला पूर्वज शे? मंग पितरले कोन्ही फळीवर बसाडस का? माटी नही, पानी नही. म्हनीसन मन्ही पोरनं डोकं दुखस! मी माटी दिन्ही, घागर भरी."

चुनीलालला हसू फुटलं. वीरसिंगांनी डोळे वटारताच ते विरलं.

"कोठे पुरी खोपडी?"

"नही सांगाव. उकरं तर मन्ही पोर जाई."

वीरसिंग हतबल झाले. बेड्या कमरेला होत्या, पण नातीसाठी जीव टाकणाऱ्या बाईला त्या दाखवायच्या कशा? न उकरली तरी पोर जाणार होतीच.

डॉक्टर पुढे आले. त्यांनी बूट काढले.

"धनुबाई, खोटं मी बोललो. पोरीचा जीव मी टांगणीला लावला. मला फक्त नळी काढू द्या. कवटी पुन्हा फळीवर जाणार नाही. मी स्वतः पुरतो."

म्हातारीनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग तिनं कोरी घागर उचलली आणि बांधावरच्या निंबाकडे चालू लागली.

डॉक्टरांनी माती उकरली, चिमट्यानं नळी ओढून शिशाच्या पेटीत टाकली आणि कवटी खड्ड्यात परत ठेवली. मग त्यांनी फावड्याला हात घातला.

"तसं नही," धनुबाई म्हणाली. "हातवरी माटी दे. तुन्हा बी पूर्वज शे ना?"

गद्र्यांनी दोन्ही हातांनी माती लोटली. म्हातारीनं वरून घागरीतलं पाणी घातलं, डोळे पुसले आणि लगबगीनं घराकडे वळली.

"चाल डाक्टर," ती म्हणाली. "आते मन्ही पोरले लाव तुन्ही नळी."