अव्वांच्या फळीचे अँगल

हे खरं आहे. मी काही गोष्टी लिहिणारी बाई नाही. खोटं वाटलं तर पुढं जा, पण हसू नका. टाइप करताना चुका होतील, तेवढं सांभाळून घ्या. शेवटी मला तुम्हाला एक विचारायचंय. आधी सगळी हकिकत सांगते, नाहीतर तुम्ही नुसतं "सुताराला बोलवा" म्हणाल.

घर सोलापुरातलं, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला. भाड्याचं, जुनं, तळमजल्यावरचं. महिना एप्रिल, यंदाचाच. आणि वेळ रात्रीची नाही. आमच्याकडं जे काही झालं ते भर दुपारी, लाइट गेल्यावर.

मी श्रीदेवी. घरात नवरा राजशेखर, आमची मुलगी चिन्नी आणि सासूबाई नागम्मा. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. चिन्नी नुकती बसायला लागली होती. बसायची ती अव्वांच्याच मांडीवर.

अव्वांना भिंतीवर एक फळी हवी होती. औषधं, चष्मा, भस्माची डबी हाताशी राहावी म्हणून. राजशेखरनं दोन लोखंडी अँगल आणले, ड्रिल मारलं, भिंतीत घट्ट बसवले. फळी तेवढी सुताराकडं पॉलिशला राहिली होती.

फळी यायच्या आत अव्वा गेल्या.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात. मान पुढं पडू नये म्हणून कपाळावरून कापडाचा पट्टा घेऊन मागं खुंटीला बांधतात. आता भाड्याच्या घरात खुंटी कुठली? अँगल होते. त्यांनाच पट्टा बांधला.

मग विमान आलं. विमान म्हणजे बसवून न्यायची सजवलेली डोली. आमच्या घरची रीत अशी, की आधी डोलीत मान बांधायची, मगच भिंतीवरची गाठ सोडायची.

पण ऊन कडक होतं. उचलणारे घाईला आले होते. गाठ सुटेना. कुणीतरी कात्री मागितली आणि पट्टा भिंतीपाशीच कापला...

अव्वांची मान खाली पडली. हनुवटी छातीवर आपटली.

शिवबाईआत्यांनी, म्हणजे अव्वांच्या नणंदेनं, ती पटकन सावरली. पण सगळ्यांनी बघितलं होतं. 

अव्वांचं दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. फळी आली. अँगल तयारच होते, राजशेखरनं त्यांच्यावर फळी ठोकली आणि अव्वांचं सामान मांडलं. मला बरं वाटलं. त्यांची इच्छा पुरी झाली, असं वाटलं.

त्या दुपारी लाइट गेली. पंखा थांबला.

आणि...

कर्र...

वर बघितलं. फळी पुढं झुकली होती. औषधांच्या बाटल्या कडेला आल्या होत्या. खाली ओढल्यासारखी दिसत होती फळी, पण तिच्याखाली काहीच नव्हतं.

मागं वळले तर चिन्नीची मान छातीवर पडलेली.

झोपली असेल म्हणून उचललं. डोळे उघडे होते. मान मात्र लुळी, कालच जन्मलेल्या बाळासारखी. माझ्या पोरीनं चौथ्या महिन्यात मान धरली होती हो!

डॉक्टर झाले. मोठं हॉस्पिटल झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

"मग मान का धरत नाही ती?" मी ओरडलेच.

"थोडे दिवस वाट बघू," डॉक्टर म्हणाले.

कसली वाट बघू? मी दिवसभर तिच्या मानेखाली हात घालून बसायचे. जेवायचं कळत नव्हतं, रडायचंही सुचत नव्हतं. आणि दुपारी लाइट गेली की कर्र... राजशेखर रोज स्क्रू पिळायचा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाहेर.

एके दिवशी त्याचं डोकं फिरलं. फळी उपटून फेकली आणि तो अँगलचा स्क्रू उलटा फिरवू लागला. तशी चिन्नीच्या घशात घरघर सुरू झाली. ओठ काळे पडले.

"आवळा! परत आवळा तो!" मी किंचाळले.

त्यानं स्क्रू आवळला. तिला श्वास आला.



आत्यांना अक्कलकोटहून बोलावलं. त्या दारातच थांबल्या. भिंतीकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ती हितंच बसलीया की गं अजून," त्या म्हणाल्या. "तिची मान कुणी धरलीया? कुणीच न्हाय. मंग ती लेकराची घेती. वाईट न्हाय ती, श्रीदेवी. लई दमलीया."

त्यांनी अव्वांच्या लुगड्याची पट्टी फाडली. एक टोक डाव्या अँगलला, दुसरं उजव्याला. मधे झोळ सोडला. पट्टी सैल लोंबत होती.

आम्ही बघत होतो...

हळूहळू पट्टी ताणली गेली. पुढच्या बाजूला. मधे काहीही नसताना.

आणि माझ्या खांद्यावर पडलेलं चिन्नीचं डोकं वर उचललं गेलं. मी ढसाढसा रडले.

"आता ही सोडू नगंस," आत्या म्हणाल्या.

"कुठवर?"

त्यांनी पिशवी उचलली. संध्याकाळच्या एसटीनं त्या गेल्या.

पण भिंत जुनी आहे. चुना नि माती. स्क्रू मोठे केले, प्लग बदलले, जाड फास्टनर ठोकले. प्रत्येक वेळी भोक मोठंच होत गेलं. बोटानं खरवडलं तरी माती गळते.

आज दुपारी लाइट गेली. राजशेखर कामावर होता. मी चिन्नीला खिमट भरवत होते.

कर्र...

डावा अँगल फास्टनरसकट बाहेर आला. चिन्नीची मान कलली. मी वाटी टाकून धावले, पट्टीचं सुटलेलं टोक पकडलं, आणि माझा हात खाली ओढला गेला.

वजन होतं. मला ओळखीचं.

शेवटी शेवटी अव्वांना मी न्हाऊ घालायचे. केस धुताना त्यांचं डोकं माझ्या तळहातावर असायचं. तेवढंच वजन. खोबरेल तेलाचा वासही तोच.

टोक खिडकीच्या गजाला बांधून बघितलं. चिन्नीची मान लगेच पडली. परत इथं येऊन हातात धरलं, तशी वर आली. जागा हीच हवी.

मी फोन केल्यापासून राजशेखर दुकानं पालथी घालतोय. मघाशी फोन आला, दुकानदार म्हणतो असल्या भिंतीत काहीच टिकणार नाही.

चिन्नी समोर बसलीय, मान ताठ. माझ्याकडं बघून हसतेय. नाही... माझ्याकडं नाही. माझ्या हाताच्या जरा खाली बघून हसतेय.

मी एका हातानं टाइप करतेय. दुसरा भरून आलाय, बोटं कळेनाशी झालीत.

मातीच्या भिंतीत वजन धरून ठेवेल असं काय मिळतं? कुणाला माहीत असेल तर सांगा.

लवकर सांगा. उजवा अँगलही हलायला लागलाय.