नववा जोड

ही घटना खरी आहे.

सांगणारा मी, पारोळ्याचा भटू नाना. म्हणजे आमच्या गावातले लोक इथेच वाचणं थांबवतील. थांबू द्या. चालत्या एसटीचं इंजिन मी एका हाताने बदललं, असं मीच सांगत फिरायचो. ते खोटं होतं.

हे नाही.

मागच्या वर्षी, अठरा मे. दुपारचे पावणेतीन. हो, दुपारचेच. तुमच्या या पेजवरची भुतं रात्री बाराशिवाय उठत नाहीत आणि पैंजणाशिवाय चालत नाहीत. असल्या नटव्यांना आमच्या एसटी डेपोत हेल्पर म्हणूनही कोणी घेतलं नसतं.

पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना माळावर पत्र्याची एक भलीमोठी शेड होती. एक खाजगी कंपनी तिथे लढाऊ विमान बनवत होती. प्रयोगाचं, एकच. त्याला इंजिनं दोन जातींची. रोजच्या उडण्याला जेट, आणि एकदम आभाळात मुसंडी मारायला शेपटीत रॉकेट. रॉकेट दोन मिनिटं जळणार, की संपलं. जगाने सत्तर वर्षांपूर्वी हा नाद सोडून दिला. आमच्या राजदीपसाहेबांनी तो धरला. साहेब फार शिकलेले. नट कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, एवढंच विचारायला माझ्याकडे यायचे.

मी जेटच्या बाजूचा फिटर. रॉकेटच्या बाजूला साक्रीकडचा अभिमन.

शेडमध्ये मधोमध पिवळी रेघ होती. अलीकडे रॉकेल, तेल, ग्रीस... माणसांचं काम. पलीकडे रॉकेटची टाकी, आणि टाकीत पेरॉक्साइड नावाचं एक औषध. दिसायला निव्वळ पाणी. आम्ही पाणीच म्हणायचो. पण त्या पाण्याला तेलाचं बोट लागलं की भडका. सुती चिंधी लागली तरी भडका.

इथे सगळं कोरडं असतं, म्हणून अभिमन रोज हात जोडायचा.

"नाना, तुमनं तेल तिकडेच ठेवा. आठे बठ्ठं कोरडं शे."

"तुले काय कळस रे?" मी म्हणायचो.

चाळीस वर्षांत मी एकही नट कोरडा आवळला नव्हता. आधी बोटभर तेल, मग आटे. कालच्या पोराने मला शिकवायचं?

टाकीपासून रॉकेटपर्यंत नळीला अकरा जोड होते. अभिमन एक जोड आवळायचा, पुसायचा, मग पान्याने नळीवर दोनदा वाजवायचा.

टक... टक.

म्हणजे जोड कोरडा आहे, जबाबदारी माझी. बटणापाशी साहेब बोटांवर मोजायचे. अकरा वेळा वाजलं की पाणी सोडायचं.

त्याआधीच्या नोव्हेंबरात पाणी सोडलं आणि नळी फुटून पेटली.

अभिमन शेजारीच उभा होता. तो गेला.

चौकशी झाली. अभिमनने सुती चिंधी वापरली, असं कागदावर आलं. मला विचारलं, तेव्हा मीही मान डोलावली.

त्यानंतर साहेबांनी ते वाजवणं बंदच करून टाकलं. म्हणाले, अडाणीपणा आहे. मोठा पडदा आणला, त्यावर आकडे दिसायचे.

तर, अठरा मे.

विमान साखळदंडांनी जमिनीला बांधलेलं. आत हेमांगीताई बसलेल्या. वैमानिक, वय तीस, जळगावच्या. दोन्ही इंजिनं पहिल्यांदाच एकत्र पेटणार होती, आणि रॉकेटची टाकी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर.

नवा फिटर आकाश जोड आवळत होता. हातात प्लास्टिकचे मोजे. मी रेघेच्या अलीकडे स्टुलावर.

बाहेर शेहेचाळीस डिग्री. माळावर चिमणीसुद्धा नाही.

आकाशने पहिला जोड आवळला, पाना काढून घेतला.

आणि...

टक... टक.

आकाशचा पाना तर हवेत होता.

दुसरा जोड. टक... टक.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणीच मान वर केली नाही. मला वाटलं, ऊन लागलं.

तेवढ्यात स्पीकरवर हेमांगीताईंचा आवाज आला.

"नाना, मागे कोण ठोकतंय?"

साहेब हसले. "पत्रा तापला की वाजतो, मॅडम."

पत्रा तापला की कडकन वाजतो. मोजून दोनदा वाजत नाही. पण शिकलेल्या माणसाला कोण सांगणार?

सहावा. सातवा. आठवा. प्रत्येक वेळी दोनदा.

नववा जोड आवळला.

मी कान टवकारले.

...

काहीच नाही.

दहावा. टक... टक.

अकरावा. टक... टक.

साहेबांचा हात बटणाकडे गेला. पाणी सोडायचं होतं.

मी उठलो, रेघेपर्यंत गेलो आणि तिथेच अडलो. थांबा म्हटलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? आणि नववा म्हटल्यावर मला घाम का फुटला, हेही.

"नाना," हेमांगीताई म्हणाल्या, "एकदा नाही वाजलं ना?"

त्याही मोजत होत्या.

"थांबा," मी म्हणालो. "नववा खोला."

"काय भानगड आहे?" साहेब चिडले. "गावठी कारभार सगळा."

"पाणी नका सोडू. आधी ताईंना खाली उतरवा."

ताई स्वतःच उतरल्या. आकाशने नववा नट सोडला आणि पांढऱ्या कागदावर ठेवला.

आट्यांवर तेल होतं.

तेलात बोटाचा ठसा. मधून आडवी चीर गेलेला.

माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर अशी चीर आहे. डेपोतल्या फॅनबेल्टने दिलेली.

मी मूठ मिटली.

त्या दिवशी मी रेघ ओलांडली नव्हती, आईशप्पथ. साहेबांनी कॅमेरा तीनदा पाहिला. सकाळपासून तिथे आकाशशिवाय कोणी नाही. नट तर नवाकोरा, सकाळीच पाकिटातून काढलेला.

पण नोव्हेंबरात... मी रेघ ओलांडली होती.

अभिमन चहाला गेला होता. नववा नट करकरत होता. मला ते ऐकवेना. मी बोटभर तेल लावलं, झकास आवळला आणि त्याची नक्कल करत पान्याने दोनदा वाजवलं. चहाचा कप हातात घेऊन त्याने दारातूनच विचारलं होतं.

"नववा झाया का, नाना?"

"झाया."

त्याने विश्वास ठेवला. माझ्यासारख्या थापाड्यावर.

नट पुसला, चाचणी आठवड्याने झाली, हेमांगीताई सुखरूप आहेत. मी काम सोडलं. साहेब अजूनही तो आवाज पत्रा तापल्याचाच सांगतात.

अभिमनची बायको सविता साक्रीला राहते. माझा माणूस चिंधी वापरणारा नव्हता, असं येईल-जाईल त्याला सांगते. लोक तिला हसतात.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. भर दुपारी. लोखंडी दार, लोखंडी कडी. आत ती भांडी घासत होती, तो आवाज स्वच्छ येत होता.

मी कडी उचलली आणि दारावर दोनदा आपटली.

...

आवाज आला नाही.

पुन्हा आपटली. हाताला हिसका बसला, पण आवाज नाही.

आत भांडी वाजतच होती.

मी आलो निघून.

तुम्ही खाली लिहाल, नाना, काय रंगवलंय. लिहा. मला त्याचीच सवय आहे.

फक्त सविताला कोणी हे वाचून दाखवू नका. ते तिला माझ्या तोंडून कळायला हवं. आधी कडी वाजू द्या.