न पेटणारा पाइप

लाइट यायला वेळ लागेल, तोवर बसा. मोबाइलचे टॉर्च तेवढे बंद करा, डोळ्यांवर येतात. दीक्षा, तुला भुताची गोष्ट हवी होती ना? ते भूत होतं की काय, मला माहीत नाही. हिंमतराव वासनिकांच्या घरात जे झालं ते सांगतो. टेलिफोन खात्यात आम्ही शेजारी बसायचो. थापा मारणाऱ्यांतला माणूस नाही.

रिटायर झाल्यावर हिंमतराव वाघोलीला राहायला गेले. त्यांना नाद एकच, तंबाखू ओढायचे पाइप जमवायचा. लाकडाचे, मातीचे, एक तर मक्याच्या कणसाचा. हॉलमध्ये काचेचं कपाट भरलेलं. घरात मात्र एकही पेटवायचा नाही, कारण त्यांच्या बायकोला, इंदुबाईंना, दमा. ओढायचाच झाला तर गच्चीवर. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

मागल्या डिसेंबरात त्यांना कसबा पेठेतून निरोप आला. सुखदेव नावाचे एक घड्याळ दुरुस्त करणारे वारले होते, आणि त्यांच्या पत्नी सुंदराबाई त्यांचे पाइप कुणातरी जाणकाराला देऊन टाकणार होत्या. हिंमतराव पिशवी घेऊन गेले. बाईंनी सगळे पाइप चटईवर मांडले. एक मात्र, काळपट, वाकड्या दांडीचा, टोकाला दातांच्या खोल खुणा असलेला, आपल्या मांडीशी ठेवला. हा नेऊ नका म्हणाल्या. का, तर पेटत नाही.

जमवणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये. हिंमतराव हटूनच बसले. शेवटी बाई कंटाळल्या.

"न्या. मला विचारायला मात्र येऊ नका."

पाइप खरंच पेटेना. गच्चीवर हिंमतराव काडीमागून काडी ओढत बसले. तंबाखू धरायची, लाल व्हायची, आणि कुणी फुंकर मारावी तशी विझायची. त्यांनी दांडीतून तार फिरवली, तंबाखू भरायची वाटी स्पिरिटने पुसली, पाइप उन्हात ठेवला. तंबाखू बदलली. दाबून भरली, सैल भरली. मला रोज फोन. भोक मोकळं आहे, लाकूड सुकं आहे, मग अडतंय कुठं? मी म्हटलं, कपाटात ठेवा आणि नुसता बघा. तर माझ्यावरच उखडले. एका संध्याकाळी त्यांनी वैतागून तो भरलेला पाइप तसाच कपाटात टाकला.

सकाळी इंदुबाईंनी विचारलं, रात्री घरात ओढलात का? हिंमतराव नाही म्हणाले. कपाट उघडून बघतात तर पाइपमधली तंबाखू जळून गेलेली. तळाशी राख. वाटी कोमट.

त्यांनी राख झाडली. मुद्दाम पुन्हा तंबाखू भरून पेटवायला गेले. पेटला नाही. रात्री पुन्हा घरभर वास, आणि सकाळी पुन्हा राख. इंदुबाईंना धाप लागायला लागली. वाफ घ्यायचं मशीन उशाशी आलं. हिंमतराव शपथा घेत होते, पण घरात पाइपवाला माणूस एकच. शेवटी बाईंनी बॅग भरली आणि खराडीला मुलीकडे निघाल्या. दारात एवढंच म्हणाल्या,

"ओढा. पण खोटं बोलू नका."

माणसाची काय तडफड झाली असेल बघा. जो पाइप त्यांच्याच्याने पेटत नव्हता, त्याच्यापायी बायको घर सोडून गेली.

तो शनिवार होता. तेरा डिसेंबर. हिंमतरावांनी पाइप भरून कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, दिवे मालवले आणि दिवाणावर बसून राहिले. समोर त्यांची आरामखुर्ची. रिकामी.

अडीच वाजले.

आधी वास आला.

मग काडी ओढल्याचा आवाज. काडी दिसली नाही...

खुर्चीत, माणूस बसला तर तोंड जिथं येईल तिथं... एक लाल ठिपका.

मोठा झाला. बारीक झाला.

श्वास. आत ओढलेला... सोडलेला...

हाक मारायची म्हटली तर घरात कोण होतं? शेवटी ते बोलले. रडकुंडीला येऊन बोलले.

"माझी बायको गेली हो. तिला या धुरात श्वास घेता येत नाही."

ठिपका हलला नाही. बराच वेळ...

मग खुर्ची करकरली. ठिपका वर उठला. उभ्या माणसाच्या तोंडाइतका वर. हळूहळू दाराकडे गेला. दार उघडलं नाही.

ठिपका विझला.

त्यांनी दिवा लावला. कपाटाचं कुलूप तसंच होतं. आतला पाइप गरम होता.

उजाडल्याबरोबर ते कसब्यात गेले. सुंदराबाईंनी काही न विचारता पाइप हातात घेतला. मग सांगितलं. डॉक्टरांनी सुखदेवांना पाइप बंद केला होता. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी कसाबसा पेटवला, तर बाईंनी तो हातातून ओढून घेऊन नळाखाली धरला. रात्री ते गेले. मग बाईंनी त्यांच्या फोटोपुढे तो पेटवायचा किती प्रयत्न केला. नाही पेटला. रात्री वास मात्र यायचा.

हिंमतरावांचा पारा चढला. हे ठाऊक असताना मला दिलात कसा, म्हणाले.

"तुम्ही हट्ट केलात," बाई म्हणाल्या. "आणि मला वाटलं, दोन रात्री तरी झोप लागेल."

पाइप तिथेच ठेवून ते आले.

वास थांबला. इंदुबाई परत आल्या. नवऱ्याचं सांगणं त्यांना पटलं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. हिंमतरावांनी मात्र नादच सोडला. सगळे पाइप वाटून टाकले. एक मला दिला, परदेशातून आलेला, कोरा, खोक्याचं सीलही न फोडलेला. मी काही ओढत नाही. ठेवून दिला कपाटात.

परवा साफसफाईत खोका हाताला लागला. सील मी स्वतः फोडलं.

दांडीच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. खोल. वरून दोन... खालून दोन.