भार नसलेलं चाक

त्या वर्षी कापसाचा भाव असा काही बसला होता की मारेगावाबाहेरच्या, सरकी काढायच्या जिनिंगचं फाटक दिवाळी उलटली तरी उघडलं नाही. पंजाबराव तिथले जुने फिटर. फाटकाला कुलूप लागलं त्याच हिवाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला. घरात ते आणि त्यांची मुलगी ममता, दोघंच. ममता शाळेत विज्ञान शिकवायची. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ती तोंडावर हसायची, मग तो मुख्याध्यापक का असेना.

यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, बोटांना काम द्या, नाही तर हात गेला म्हणून समजा. म्हणून ममतानं पुण्याच्या भावाकडून, प्रफुल्लकडून, त्याच्या मुलाचा जुना खेळ मागवला. एसटीनं खोकं आलं. आत प्लास्टिकचे ठोकळे, दातेरी चाकं, दांड्या आणि सेलवर चालणारी एक मोटर. म्हाताऱ्या बापापुढे पोरखेळ मांडताना तिला कसंसंच झालं. पण पंजाबरावांनी एक दातेरी चाक डाव्या हातात धरून उजेडात फिरवलं, आणि मग त्यांना जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या.

डाव्या हातानं जोडायचे, दातांनी दाबून बसवायचे. उजवा हात टेबलावर नुसता पडलेला असायचा.

"काय बनवून राह्यले, बाबा?"

"गिअर. पण याले दांडा नाई. याचं यालेच समजते." त्यांनी रबरबँड ताणून एका दांडीला अडकवलं. "मोटर एका चालीनं चालते. चाकावर भार आला का चाक आपोआप हळू होते, जोर वाढते. भार गेला का पुन्हा पयते."

"कायले पाहिजे असा गिअर?"

"जिनले पाहिजे होता," ते म्हणाले.

ममताला पुढचं विचारायची गरज नव्हती. कोलामांच्या वस्तीवरून, पोडावरून येणारी जमनी जिनच्या रुळांत ओंजळीनं कापूस टाकायची. ममताची आई तिच्या लहानपणीच गेली, आणि पंजाबरावांनी घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकायची नाही. शाळा सुटली की ममता जिनिंगवर यायची. चहाच्या सुट्टीत जमनी तिला पुढ्यात बसवून वेणी घालायची, कपाळाची कातडी ओढली जाईल इतकी घट्ट. रिबन हरवलेली असली की सरकीचा कापूस पिळून त्याचीच गाठ मारायची. मग एका संध्याकाळी ओला कापूस रुळात अडकला. तो सोडवायला जमनीनं उजवा हात घातला, आणि रूळ त्याच चालीनं फिरत राहिले. पंजाबराव पट्टा उतरवायला धावले, पण पट्टा उतरेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. जमनी वाचली नाही.

"थोडं हळू झालं असतं तं हात काढला असता तिनं," पंजाबराव आता खाली बघून म्हणाले. इतक्या वर्षांत ते हे पहिल्यांदाच बोलले.

यंत्र तयार झालं तेव्हा ममतानं चाकावर बोट टेकवून पाहिलं. मोटरचा आवाज जराही बदलला नाही. चाक मात्र मंदावलं आणि दुप्पट जोरानं बोट ढकलू लागलं. बोट काढताच पुन्हा पळालं. तिला बापाचं मनापासून कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती टेबलाजवळ वह्या तपासत होती. पंजाबराव खुर्चीत डुलक्या घेत होते, मोटर सुरूच होती. तिचं सहज लक्ष गेलं. चाक हळू फिरत होतं, जड झाल्यासारखं. त्याला काहीच टेकलेलं नव्हतं.

तिनं सेल बदलले. दात्यांत केस अडकला का, रबर सैल झालं का, सगळं पाहिलं. यंत्र उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं, तर चाक भिरभिरलं. परत टेबलावर, बापाच्या त्या पडलेल्या हाताशेजारी ठेवलं, तर मंदावलं. मनात पाल चुकचुकली. आणि त्याच वेळी पंजाबरावांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट हललं.

मग कसली पाल न् कसलं काय. ममता रडली, बापाला पेढा भरवला, शेजारीपाजारी सांगून आली. आठवडाभरात सगळी बोटं हलू लागली. डॉक्टरांनीही खुशीनं मान डोलावली.

हात काय करतो आहे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. रिकाम्या टेबलावरून तो काहीतरी ओंजळभर उचलायचा, बोटांनी फुलवायचा, पसरून पुढं ढकलायचा आणि झटकन मागं यायचा. चाक मंदावलेलं असेतोवरच. तिनं त्या हातात पाना दिला. जन्मभर पाना धरलेल्या हाताला तो कसा धरायचा तेच कळेना. पाना खाली पडला.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

पंजाबराव स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसे बघत होते.

"मी नाई करत," ते म्हणाले. "पाहा, आता निंघते तिचा हात."

ममता घाबरली, सरळ घाबरली. तिनं यंत्र मोडून खोक्यात भरलं. संध्याकाळपर्यंत हात पुन्हा पडला, गार, मातीच्या गोळ्यासारखा. बाप भिंतीकडे तोंड करून निजला, जेवला नाही, सकाळी चहाही घेतला नाही. हे तिला बघवेना. दुपारी तिनंच एकेक ठोकळा जोडून यंत्र पुन्हा उभं केलं. दुसरा उपाय तिच्याजवळ नव्हता.

उन्हाळा होता. गावात कुठं बोंडभर कापूस उरला नव्हता.

पंजाबराव खाटेवर घोरत होते. न्हालेले केस मोकळे सोडून ममता खाटेला पाठ टेकून खाली बसली. स्टुलावर मोटर घुमत होती.

चाक मंदावलं.

आणखी मंदावलं. मग थांबलं. मोटर तशीच घुमत राहिली.

तिच्या डोक्यावर हात आला. बाबांचाच, खरखरीत, तेलाच्या जुन्या वासाचा. तिला बरं वाटलं. तिनं डोळे मिटले.

बोटांनी केसांचे तीन पदर केले.

बाबांना वेणी येत नाही.

तिला हलता येईना. मागं घोरणं सुरू होतं, संथ, गाढ. वेणी उतरत गेली, घट्ट, कपाळाची कातडी ओढत. टोकाशी एक गाठ बसली, आणि हात अलगद निघून गेला.

चाक भिरभिरू लागलं.

बऱ्याच वेळानं ममतानं वेणी खांद्यावरून पुढं घेतली. गाठ पिळलेल्या कापसाची होती. आत सरकी होती, आणि कापूस ओला होता.