तह न मोडणारा

हे माझ्यासमोर घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण रचलेलं समजू नका.

गेल्या मार्चमधली भरदुपार. जळगावात आमच्या कापड दुकानावरची खोली. मी रिद्धी, आणि माझा मोठा भाऊ अनुज.

अनुज आणि त्याचा साक्रीचा मित्र तेजस मिळून लढाईचा गेम बनवत होते. एक चाल आपली, एक कॉम्प्युटरची. चित्रं माझी. कॉम्प्युटरने शत्रू म्हणून कसं खेळायचं, ते तेजस ठरवायचा.

"तह केला की पाळायचा. दगाबाज शत्रूशी खेळण्यात मजा नाही," तो म्हणायचा.

दिवाळीनंतर तेजस यायचा बंद झाला.

"आपल्याला सोडून गेला," अनुज म्हणाला.

मी संतापले. तेजसचे फोन उचललेच नाहीत.

जानेवारीत नशिराबादजवळ अपघातात तो गेला.

त्या दुपारी अनुज कॉम्प्युटरला कपटी करत होता.

"तह झाला की लगेच हल्ला करेल, असं सेट केलंय. बघ."

त्याने तह केला. चाल कॉम्प्युटरची.

स्क्रीनवर 'विचार चालू आहे'...

बराच वेळ.

खालचा गिऱ्हाइकांचा गलका एकदम थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता.

मग... टक. टक. टक.

टेबलावर बोटं वाजत होती. तेजस विचार करताना वाजवायचा, तशीच.

अनुजचे हात मांडीवर होते. माझेही.

शत्रूचं सगळं सैन्य आपले किल्ले सोडून निघालं. अनुजच्या राजधानीच्या वेशीवर आलं... आणि नुसतं उभं राहिलं.

अनुजने सेटिंग आणखी कडक केली. पुन्हा डाव मांडला.

पुन्हा तेच.

"अरे, कर ना हल्ला!" तो ओरडला.

टक. टक.

"भैया... तू काय केलंयस?"

तो रडायलाच लागला. "तेजस नाही गं सोडून गेला. मीच काढलं त्याला. गेमवरचं नावसुद्धा काढलं. तेच सांगायला तो तुला फोन करत होता."

माझा सख्खा भाऊ. त्याच्या एका शब्दावर मी तेजसला तो मरेपर्यंत मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

खाली गलका पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता मी साक्री गाठली. तेजसच्या आईने, सुनंदाबाईंनी, दार उघडलं. आम्ही एकमेकींना कधीच पाहिलं नव्हतं. मी अजून नावही सांगितलं नव्हतं.

"ये रिद्धी," त्या म्हणाल्या. "तेजसनी कालच सांगं, तू येशी."

घरात त्या एकट्याच होत्या.

ताटं मात्र वाढलेली होती...

तीन.

अनुजशी मी आजही बोलत नाही. आणि त्या तिसऱ्या ताटाबद्दल तर कुणाशीच नाही.