अमरकाकांची मळणी

आकाशात ढगाचा एक तुकडा नव्हता आणि अमरकाकांच्या गाडीचे वायपर कोरड्या काचेवर करकरत फिरत होते.

"काकांना वळायचं असलं की ते पाऊस पुसतात," सुरज मयूरीच्या कानात पुटपुटला.

अमरकाकांनी ते ऐकलं. "जर्मनीत इंडिकेटर डाव्या हाताला असतो," ते आरशातून म्हणाले. "हाताची सवय आहे. तुम्हाला नाही कळायचं."

दीक्षाला मात्र सगळं कळलं होतं. घरून, नारनूरहून निघाल्यापासून काकांनी प्रत्येक वळणावर काच पुसली होती, आणि गाडी कुठे वळणार हे मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यांना एकदाही कळलं नव्हतं.

अमरकाका म्हणजे तिच्या बाबांचे धाकटे भाऊ. दसऱ्याच्या सुट्टीत ते सपनाकाकू आणि चार वर्षांच्या आशूला घेऊन जर्मनीहून आले होते. आशूचा जन्मच तिकडचा, त्यामुळे तिच्यासाठी हाच परदेश होता. हैदराबादच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या काकांनी गाडी भाड्यानं घेतली. पांढरी, चकचकीत आणि रस्त्याला पोट घासेल इतकी बुटकी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे. "ओळखीची जीप सांगतो, ड्रायव्हरही मिळेल," असं बाबा म्हणाले होते. त्यावर काका नुसतेच हसले होते. ज्या माणसानं जर्मनीतल्या ऑटोबानवर, त्या सुसाट हायवेवर, गाडी हाकली, त्याला उटनूरचा रस्ता काय शिकवणार?

आज ते मुलांना कुंटाल्याचा धबधबा दाखवायला निघाले होते. निघताना सपनाकाकूंनी दीक्षाला बाजूला घेतलं. "याचं लक्ष मोबाईलमध्ये असतं गं. तू आशूपाशीच बस. तिला सोडून कुठे जाऊ नकोस." म्हणून तेरा वर्षांची दीक्षा मागच्या सीटवर आशूच्या खुर्चीला चिकटून बसली होती. शेजारी तिची मैत्रीण मयूरी, आणि दाराशी धाकटा भाऊ सुरज. पुढच्या सीटवर काकांची कॅमेऱ्याची बॅग ऐसपैस बसली होती. मागची दारं काकांनी आतून उघडणार नाहीत अशी करून टाकली होती. लहान मुलांसाठी हाच नियम असतो म्हणे. गाडीत खायचं नाही, काचेला हात लावायचा नाही, हेही नियमच. भाड्याच्या कंपनीनं फोनवर पाठवलेले सगळे नियम काकांनी सकाळी मोठ्यानं वाचून दाखवले होते. गाडीत कोणी ओकलं तर दंड, हा नियम तर दोनदा.

उटनूरच्या पुढे रस्ता एकाएकी दिसेनासा झाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत सोयाबीनचं शेंगांसकट वाळलेलं काड पसरलेलं होतं आणि दोन्ही बाजूंना दगड मांडून ठेवले होते, कोणी कडेनं निसटू नये म्हणून. हातात लांब दांड्याचं, दातेरी दाताळं घेतलेली एक बाई मधोमध उभी होती.

"या ना साहेब, या," ती म्हणाली. "हळू काऊन येऊन राह्यले? जोरानं येऊ द्या. चाकाखाली दाणा मोकळा होते."

"बयनाबाय, रस्ता का तुमच्या घरचा आहे?" मयूरीनं सुरजवरून वाकून काच खाली करत विचारलं. बाई तिच्या मावशीच्या गावची होती.

"मंग का बसवाल्याच्या घरचा आहे?" बयनाबाई म्हणाली. "गाड्या जातेच ना इथून. जाता जाता आमचं काम केलं तर त्यायचं का झिजते?"

अमरकाकांचा चेहरा उजळला. "बघा मुलांनो, ही आपली संस्कृती. जर्मनीत असं पाहायला मिळत नाही."

"जर्मनीत रस्त्यावर गाड्या चालत असतील," मयूरी म्हणाली.

काकांनी गाडी काडावरून नेली. मग मोबाईल पुढच्या काचेला अडकवला आणि व्हिडिओसाठी परत आणली. मग उजेड चांगला पडावा म्हणून पुन्हा नेली. बयनाबाई खूश होऊन दाताळ्यानं काड उलटत होती आणि "अजून एक डाव, साहेब," म्हणत होती. एकीला फुकटची मळणी हवी होती, दुसऱ्याला फुकटची करमणूक. दोघं एकमेकांना शोभत होते.

दीक्षा मात्र खाली कान देऊन होती. गाडीच्या पोटात खसखस असा आवाज येत होता. "काका, बस उंच असते, ट्रॅक्टर उंच असतो. तुमची गाडी बुटकी आहे. खाली काड अडकून राह्यलं."

"गाडी इंजिनिअरनी बनवलीय, दीक्षा. तू नाही."

पुढच्या रस्त्याला लागताच एसीतून जळका वास येऊ लागला.

"शेतकरी काड्या जाळतायत," काका म्हणाले आणि बाहेरची हवा आत येण्याचं बटण बंद करून टाकलं. वास येईनासा झाला की ते प्रश्न सुटला असं समजत.

दीक्षानं बाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंना कापूस नुकताच फुटू लागला होता. अशा दिवसात शेतात कोण काडी ओढणार? एक मोटरसायकलवाला शेजारून जाताना गाडीच्या खाली बोट दाखवून ओरडला. काकांनी त्याला हात हलवून दाखवला. "किती प्रेमळ लोक आहेत इथले."

मग नदीवरचा पूल आला. खाली दोन्हीकडे पाणीच पाणी. दीक्षानं आशूच्या बाजूची काच बोटभर खाली केली. वास तितकाच होता, उलट जास्तच.

"मयूरी," ती हळूच म्हणाली, "नदी तर कोणी जाळून नाही ना राह्यलं?"

मयूरीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे वास आपल्यासोबत चाललाय."

"काका, गाडी थांबवा. खाली काहीतरी जळतंय."

"अजून अर्धा तास, मग धबधब्यावरच थांबू. फोन सांगतोय ना रस्ता मोकळा आहे."

फोनला काय, फोनला नाक नव्हतं. आशू खुर्चीत मान टाकून झोपली होती. तिच्या पायाखालचा गालिचा दीक्षाच्या तळव्याला कोमट लागत होता. या माणसाला आग सांगून उपयोग नव्हता. त्याला ज्याची भीती वाटते तेच सांगायला हवं होतं.

ती सुरजकडे वाकली. "ओक."

"काय?"

"ओकायचं नाटक कर. आत्ता. आणि तू उतरलास की मयूरीलाही ने, तिनं गाडीखाली बघायचं. मी आशूला सोडणार नाही."

सुरज शाळेच्या नाटकात नेहमी झाड व्हायचा. आज त्याला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली होती. त्यानं गाल फुगवले, तोंडावर हात दाबला आणि पोटातून असा काही आवाज काढला की मयूरीसुद्धा दचकली.

"काका, येते... येते मले..."

ज्या गाडीला जळका वास थांबवू शकला नव्हता, ती कंपनीच्या दंडानं जागच्या जागी थांबवली. काका धावत येऊन दार उघडतात न उघडतात तोच सुरज बाहेर पडला. त्याच्यामागून मयूरी. दार परत धडकन लागलं. आशूला एसी मिळावा म्हणून काकांनी इंजिन चालूच ठेवलं होतं.

मयूरी रस्त्यावर ओणवी झाली. गाडीच्या पोटाला काडाचा भला मोठा गठ्ठा गुंडाळला गेला होता, आणि सायलेन्सरपाशी तो लाल होऊन धुमसत होता. "दीक्षे, आग आहे. आशूले काढ."

काका सुरजची पाठ चोळत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते जागीच खिळले. मग एकदम कामाला लागले, म्हणजे खिसे चाचपू लागले. "फोन कुठाय? फोन आत राहिला."

आत दीक्षानं आशूच्या पट्ट्यांचं लाल बटण दाबलं. ते हललं नाही. सकाळी काकांनी आधी पट्टे सैल केले होते, हे तिनं पाहिलं होतं. तिनं पट्टा ओढून सैल केला आणि दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. बटण खट्कन दबलं. मागची दारं आतून उघडणार नव्हतीच, आणि बाहेर त्यांच्यापाशी धूर दाटला होता. तिनं आशूला पोटाशी धरलं, दोन सीटांमधून पुढे घुसली, कॅमेऱ्याची बॅग पायानं लोटली आणि जाता जाता इंजिनाचं बटण दाबून गाडी बंद केली. पुढच्या दारातून ती उतरली ती थेट रस्त्याकडेच्या बाभळीपर्यंत पळाली.

आशू जागी होऊन रडू लागली. ते रडणं ऐकून दीक्षाला इतकं बरं वाटलं की तिनं तिला आणखी घट्ट धरलं.

सुरजनं तोवर शेताच्या कुंपणातला लांब बांबू उपसला होता. लांबूनच त्यानं तो काडात खुपसला आणि पिळून ओढला. पेटता गठ्ठा फरफटत रस्त्यावर आला. मयूरीनं कापसाच्या ओळींमधली ओली काळी माती ओंजळीनं भरभरून त्यावर आणि मग गाडीखाली मारली. काकाही शेवटी माती उचलू लागले. निम्मी माती त्यांच्याच पायांवर पडत होती.

गाडी वाचली. खालचं एक झाकण वितळलं, एवढंच. ती उटनूरच्या मेकॅनिककडे गेली आणि सगळे ऑटोनं घरी आले.

संध्याकाळी अंगणात काकांनी हकीकत सांगितली. "मला आधीच शंका आली होती, म्हणून मी गाडी बाजूला घेतली."

"शंका तुमाले ओकारीची आली होती," मयूरी म्हणाली आणि मग तिनं सगळं सांगितलं, पुलापासून बांबूपर्यंत. दीक्षाचे बाबा खुशाल गुरुजी एरवी पोरांच्या गोष्टी अर्ध्यात तोडायचे, पण आज शेवटपर्यंत ऐकत बसले. "वास सोबत चाललाय हे तुला पुलावर कळलं?" त्यांनी दीक्षाला विचारलं. "मला नसतं सुचलं." सपनाकाकूंनी तिन्ही पोरांना एकदमच मिठीत घेतलं. सुरजला त्यात गुदमरायला झालं, यावेळी खरोखर.

रुक्माबाई आजीनं लेकाकडे पाहिलं. "अमर, तुले शिकवायले तुया बापानं किती खस्ता खाल्ल्या. नाक वापरायचं शिकवायचं राहूनच गेलं."

हैदराबादला परत निघायच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. सामान भरलं. काका आशूला खुर्चीत बसवणार, तोच आजी दारात आडवी झाली.

"पोरगी आत नाही बसणार. आधी दीक्षा खालून पाहील. ती म्हणल तवाच गाडी हालल."

काका काही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते आशूला खांद्यावर घेऊन मागे सरले. "बघतेस का गं एकदा?" ते म्हणाले.

दीक्षा गोणपाट टाकून गाडीखाली सरकली. सगळं स्वच्छ होतं, काडाची एक काडीही नव्हती. ते तिला लगेच दिसलं. तरी ती आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिली. बाजूला अमरकाकांचे बूट जागचे हलत नव्हते, आणि कोणाच्या हो म्हणण्याची वाट बघणारे काका तिनं आजवर कधी पाहिले नव्हते.