आवडलेली ओळ

मंजुळाबाईंच्या हातातलं वांगं हातातच राहिलं होतं, त्यांच्या यजमानांनी, पंडित आबांनी, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला होता, आणि किरणच्या मांडीवरचा मोबाइल आवाज नोंदवत होता... नोंदवण्यासारखं काहीही नसताना. चोपड्यापासून कोसभरावरच्या त्या ओट्यावर पौषातलं कोवळं ऊन पसरलं होतं. पायरीच्या खाली एक सडपातळ तरुण उभा होता. नुकताच तो म्हणाला होता, "जाहिरातीतली ती ओळ... मी लिहिली."

आत, स्वयंपाकघरात, फ्रिजची मोटर सुरू झाली. ती एवढीशी घरघर त्या शांततेत फार मोठी वाटली. कारण सगळं प्रकरण एका अर्थाने त्या फ्रिजचंच होतं.

महिन्याभरापूर्वी एका परदेशी कंपनीने आपल्या सौरकंदिलाची जाहिरात जगभर दाखवली होती. 'जिथे संध्याकाळ झाली की आयुष्य थांबतं, त्या देशासाठी' हे तिचं घोषवाक्य. जाहिरातीत हाच ओटा होता, हेच घर; फक्त फ्रिज, टीव्ही, मिक्सर गोठ्यात हलवलेले, दिवे मालवलेले, आणि मंजुळाबाईंच्या अंगावर कुठून तरी आणलेलं विटकं लुगडं. घरात काय काय आहे, असं त्यांना विचारलं गेलं होतं. त्या ताठ मानेने म्हणाल्या होत्या, "आमना घरमा बठ्ठं शे." आमच्या घरात सगळं आहे. खाली इंग्रजीत उमटलेल्या अक्षरांचा अर्थ मात्र होता — आमच्या घरात सारं काही थकून बसलं आहे.

अहिराणी कळणाऱ्या माणसांनी ते पाहिलं आणि मग काही थांबेना. धुळ्या-जळगावातले लोक आपापल्या फ्रिजशेजारी, ट्रॅक्टरवर, संगणकापुढे उभे राहून फोटो टाकू लागले. खाली एकच वाक्य, 'आमना घरमा बठ्ठं शे.' पुढे दिल्ली-बंगळुरूची मंडळीही त्यात उतरली. पण त्या सगळ्यात सर्वाधिक फिरलं ते किरणचं वाक्य. ती धुळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची आणि तिथल्या दैनिकात दर रविवारी बोलीभाषेवर सदर लिहायची. तिने लिहिलं होतं, 'हे भाषांतर चुकलेलं नाही. ते खोटं आहे.'

आणि आज तो खोटारडा समोर उभा होता. नाव हितेंद्र. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

"कथला शे रे तू, भाऊ?" अखेर मंजुळाबाईंनी विचारलं.

"सावद्याचा, अक्का. राहतो जळगावला."

"मंग तुले बठ्ठं म्हाईत नही?"

"आमच्याकडे शे म्हणत नाहीत. बठ्ठंही म्हणत नाहीत. त्यांनी विचारलं, खान्देशी येते का? मी म्हटलं, येते. म्हटलं, खान्देशातलाच तर आहे मी..." तो क्षणभर थांबला. "बठ्ठं ऐकलं आणि मला हिंदीतलं बैठा ऐकू आलं."

पंडित आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "केळीस्ना गावना शे तो. घड मोजता येतस त्याले, शब्द नही."

कोणी तरी हसलं. बहुधा किरणच.

"किरण सर आज इथे येणार असं कळलं होतं," हितेंद्रने तिच्याकडे पाहत अदबीने विचारलं. "त्यांनाही भेटायचं होतं. आले नाहीत का?"

मंजुळाबाईंनी किरणकडे पाहिलं. किरणने मोबाइल बंद केला आणि शांतपणे म्हणाली, "'आदरणीय किरण सर, एखाद्याला खोटारडा म्हणण्यापूर्वी त्याचं नाव तरी विचारायचं होतं.' तुम्ही पेपरकडे पाठवलेल्या पत्राची सुरुवात हीच ना?"

"तुम्ही...?"

"मीच ते सर."

त्याच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते पाहून तिला त्याच्यावर चिडून राहणं अवघड जाऊ लागलं. पण मंजुळाबाईंचं अजून संपलं नव्हतं. हातातल्या वांग्याचं देठ त्यांनी आधी त्याच्याकडे रोखलं. "यानी माले उपाशी करी," आणि मग देठ किरणकडे वळलं, "आन् तुनी माले भोळी करी. 'भोळी मंजुळाबाई' लिखेल शे तुना पेपरमा. मी भोळी नही शे, पोरी. फ्रिज बाहेर काढा तव्हयच माले समजनं व्हतं."

"मग काढू कसा दिलात?"

"पाव्हना व्हतात. पाव्हनास्ले नही कसं म्हनो?" त्या उठल्या. "आते दोन्ही जन जेवाले बसा. भरीत करस मी."

किरण खाली मान घालून बसली. सदराच्या सात वर्षांत तिच्या लेखणीकडे असं कोणी बोट रोखलं नव्हतं.

परतताना दोघं फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे राहिले. कापसाने शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर समोरून गेला आणि त्याच्यामागे हवेत पांढरे तंतू तरंगत राहिले, कुठे उतरावं ते न ठरवलेले.

"तुमच्या केसांत..." हितेंद्र म्हणाला.

"काय?"

"कापूस."

तिने चाचपडलं. सापडेना. त्याचा हात अर्ध्या वाटेपर्यंत वर आला, आणि परत खिशात गेला. तिने त्या हाताचं येणं पाहिलं, पण लक्षात राहिलं ते त्याचं परत जाणं.

"मला शिकवाल?" त्याने विचारलं.

"कापूस काढायला?"

"अहिराणी. म्हणजे पुढच्या वेळी खोटं बोलायचं झालं, तर शुद्ध बोलेन."

ती हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच रुष्ट झाली.

भेटायचं ठिकाण त्याने सुचवलं, पारोळ्याचा किल्ला. धुळ्याहून ते जवळ आणि जळगावहून चांगलंच लांब. हे तिने मनात मोजलं आणि बोलून दाखवलं नाही. मग दर शनिवारी, खंदकाच्या दगडी काठावर, चहाच्या दोन कागदी पेल्यांमध्ये एक वही उघडू लागली. तो कधी जळगावच्या मेहरूणची बोरं आणायचा. ती एकेक शब्द शिकवून एकेक बोर उचलायची.

"मला — काय म्हणायचं?" तिने विचारलं.

"मले."

"हे तुमच्या सावद्याचं झालं. आमच्यात माले."

"म्हणजे तुमच्या नि माझ्या बोलीत अंतर फक्त एका कान्याचं?"

"एका कान्यासाठीसुद्धा बस बदलावी लागते," ती म्हणाली.

"बदलतोच आहे ना. एरंडोलला दर शनिवारी."

तो कविता लिहायचा. छापायला मात्र द्यायचा नाही. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि न सापडलेल्या शब्दासाठी पाण्याकडे पाहत राहायचा. अशा वेळी किरण त्याच्या बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याकडे पाहून घेई. कोणत्या शनिवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, हे दोघांपैकी कोणालाच नंतर सांगता आलं नसतं. एकदा तिला उशीर झाला, आणि तो काठावरून उठून नुसतं म्हणाला, "आलीस..." बस्स. त्या एका शब्दात तिला इतकं ऊन लागलं की तिने ओढणी सारखी केली.

फाल्गुन लागता लागता त्या परदेशी कंपनीने माफी मागितली. जाहिरात मागे घेतली, आणि खुलासा केला — हा प्रकार एका स्थानिक भाषांतरकाराच्या चुकीमुळे घडला. तेवढंच. गोठ्यात हलवलेल्या फ्रिजचा त्यात उल्लेख नव्हता, मालवलेल्या दिव्यांचा नव्हता, त्या घोषवाक्याचाही नव्हता. दुसऱ्या दिवसापासून लोक हितेंद्रचं नाव शोधू लागले. मिळालंही. त्याचं काम सुटलं. सावद्याला त्याच्या वडिलांना, जीवरामभाऊंना, केळीच्या लिलावात कोणी तरी विचारलं, "काय भाऊ, घरात सगळं बसलं का?"

किरण तीन रात्री नीट झोपली नाही. खोटारडा हा शब्द या माणसाला पहिल्यांदा तिने चिकटवला होता. आता तो काढायचाही तिनेच. तिने तीन पानं लिहिली. घर अंधारं करणारे हात कोणाचे होते, हे लिहिलं. देशाला बिचारा ठरवणाऱ्या घोषवाक्याला कोणता भाषांतरकार जबाबदार, असं विचारलं. आणि शेवटी लिहिलं, 'त्या ओळीला मी खोटं म्हटलं होतं. माझा तो शब्द मी मागे घेते. ती एका माणसाची निष्पाप चूक होती, याची मी ग्वाही देते.' खाली सही केली. सदराच्या सात वर्षांत तिने आपला शब्द कधी मागे घेतला नव्हता. गंमत म्हणजे, ते लिहिताना तिला हरल्यासारखं वाटलं नाही. कोणाच्या तरी डोक्यावर सावली धरल्यासारखं वाटलं.

शनिवारी तिने ती पानं त्याच्या हातात दिली. "उद्या छापून येईल. संपादकांना संध्याकाळी द्यायचंय."

हितेंद्रने वाचलं. एकदा. पुन्हा एकदा. खंदकाच्या पलीकडे बाजारातून द्राक्षवाल्याची हाळी येत होती. तो पानं पुन्हा पहिल्यापासून चाळू लागला, तेव्हा तिने विचारलं, "शुद्धलेखनाची चूक सापडली की काय?"

"एक शब्द आहे."

"कोणता?"

"निष्पाप."

ती हसणार होती. त्याचा चेहरा पाहून थांबली.

"मला शंका आली होती, किरण."

"कशाची?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बैठाच ऐकू आलं, ते खरंय. मग मी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना अक्कांच्या मानेकडे पाहिलं. इतकी ताठ मान करून कोणी म्हणत नाही, सारं थकून बसलंय..." तो पानांच्या कडा जुळवत राहिला. "अमळनेरला ज्ञानेश्वर नावाचा अहिराणी बोलणारा मित्र आहे माझा. त्याला फोन केला असता, अर्ध्या मिनिटात कळलं असतं. फोन हातात घेतला होता."

"मग?"

"ठेवून दिला."

"का?"

"कारण तोवर ती ओळ मला आवडली होती."

एक बगळा पाण्यावरून अगदी खालून गेला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. कुठे तरी पाहायला हवंच होतं.

"कंपनीने सांगितलं नव्हतं मला, काही करुण लिही म्हणून," तो म्हणाला. "मला वाटतं, गरजच नव्हती. अंधारलेलं घर दिसत होतं, विटकं लुगडं दिसत होतं, आणि ती ओळ त्यात इतकी नेमकी बसत होती... वर्षातून एखादी अशी ओळ सुचते. ती खोडायचा धीर झाला नाही. दुसऱ्याच्या आईच्या तोंडी घातली आणि पाठवून दिली."

जे किरणने कोणालाच सांगितलं नव्हतं ते आता तिच्या आत हळूच हललं. ती जाहिरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा, कान जागे होण्यापूर्वीच्या अर्ध्या क्षणात, तिच्याही अंगावर शहारा आला होता. ओळ सुंदर होती. राग नंतर आला होता. कदाचित म्हणूनच तो इतका मोठा आला होता.

"हे आजच का सांगितलंस?" तिने विचारलं. "कोणी विचारलं नव्हतं तुला. उद्या सगळं निवळलं असतं."

"उद्या खाली तुझी सही असणार होती."

"माझी सही, माझी जबाबदारी."

"आणि ज्याच्यासाठी तू ती करते आहेस तो या पानांतला माणूस फार चांगला आहे, किरण. मला त्याचा हेवा वाटतो." तो पानांवरून नजर काढून तिच्याकडे वळला. "दर शनिवारी तू त्याला भेटतेस. त्याला शब्द शिकवतेस, त्याची बोरं खातेस. एक दिवस तू त्याला हो म्हणशील, अशी मला भीती वाटते. म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर... मला म्हण."

बाजारातली हाळी थांबली. ऊन खंदकाच्या भिंतीवरून एक दगड खाली सरकलं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "आणि ती ओळ मी जाणूनबुजून लिहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आता तुझ्याकडे आहेत. तू काय करणार आहेस?"

किरणने त्याच्या हातातून तिसरं पान घेतलं. पर्समधलं पेन काढलं. 'निष्पाप' या शब्दावर तिने एक सरळ रेघ ओढली, जपून, शेजारचा शब्द दुखावू नये इतकी. मग वरती, दोन ओळींच्या मधल्या जागेत, पेनाचं टोक बराच वेळ थांबून राहिलं. पण शब्द आला नाही. जो सुचे तो एक तर फार कठोर असे, किंवा फार मायेचा; आणि हा शब्द आपण लिहायचा नाही, हे तिला हळूहळू उमगलं. तिने तिन्ही पानं दगडावर ठेवली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर टोपण लावलेलं पेन ठेवलं. ओढणी सावरून उठली.

"किरण..."

ती पायऱ्या चढू लागली.

"तिथे मी काय लिहू?"

तिने मागे पाहिलं नाही. स्टँडच्या दिशेने ती चालत राहिली. बस गाठायची नसलेल्या माणसासारखी, सावकाश. पाच-सात पावलांवर गेल्यावर तिच्या मागे, त्या निवांत दुपारी, पेनाचं टोपण उघडल्याचा बारीकसा आवाज झाला. ती थांबली नाही, आणि तिने पावलं भरभर उचललीही नाहीत.